'नुक्कड' आम्ही कशी पाहिली



संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही सहसा पुस्तक वाचतो. मागच्या पावसाळ्यात मात्र दोन रविवार आम्ही दूरदर्शनची एक जुनी मालिका पाहिली. तेव्हा काही ज्येष्ठ सभासदांनी नाराजी दाखवली. "अभ्यासवर्गात नाटक-सिनेमा कशाला? घरी काय कमी पाहतात पोरं?" असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. घरी पाहतात म्हणूनच तर वर्गात पाहायचे, असे आम्ही त्यांना म्हणालो; पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. त्या दोन रविवारी जे घडले ते सविस्तर लिहावे, म्हणजे त्यांनाही वाचता येईल आणि जे विद्यार्थी हजर नव्हते त्यांच्याही उपयोगी पडेल, या हेतूने हा लेख आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. इंग्रजीत 'रिप्रेझेंटेशन' हा एकच शब्द आहे. मराठीत त्याचे दोन होतात. एक प्रतिनिधित्व, दुसरा चित्रण. कायदेमंडळात आपला माणूस बसतो ते प्रतिनिधित्व. कथेत, चित्रात, पडद्यावर आपला माणूस दाखवला जातो ते चित्रण. आपल्या समाजाला पहिला अर्थ शिकवावा लागत नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली ती याच प्रश्नावर, की अस्पृश्यांच्या वतीने कोण बोलणार. त्यानंतर वर्षभराने, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. कायदेमंडळातली जागा आणि छापील कागदावरची जागा या दोन्हींची मागणी अशी पाठोपाठ आली, याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. दोन्हीकडे विचारायचे प्रश्न मात्र सारखेच आहेत. कोण बोलतो? कोणाच्या वतीने? आणि ज्याच्या वतीने बोलतो त्याला कोणी विचारले होते का?

प्रसारमाध्यमांच्या अभ्यासात हे प्रश्न नेटाने मांडणारा एक विचारवंत म्हणजे स्टुअर्ट हॉल. जन्म १९३२, जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात. शिक्षणासाठी १९५१ साली इंग्लंडला गेला आणि तिथेच राहिला. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठातील संस्कृती-अभ्यास केंद्राचा तो संचालक झाला. गोऱ्यांच्या देशात काळा माणूस म्हणून राहताना आपले चित्र दुसरा कसा काढतो हे त्याने रोज पाहिले असणार. १९७३ साली त्याने एक निबंध लिहिला. त्याचा गाभा साध्या भाषेत असा : कार्यक्रम करणारे त्यात एक अर्थ भरतात, याला संकेतन म्हणावे, पाहणारे त्यातून अर्थ काढतात, याला विसंकेतन म्हणावे. भरलेला अर्थ आणि काढलेला अर्थ एकच असेल अशी खात्री नाही. प्रेक्षक तीन तऱ्हांनी पाहू शकतो. करणाऱ्याला हवा तोच अर्थ तो जसाच्या तसा घेतो. किंवा काही घेतो, काही आपल्या अनुभवाप्रमाणे वळवून घेतो. किंवा "हे आम्हाला मान्य नाही" म्हणून उलट अर्थ काढतो. हॉलचा सहकारी डेव्हिड मॉर्ले याने हा विचार प्रत्यक्ष प्रेक्षकांवर ताडून पाहिला. बीबीसीचा एक कार्यक्रम वेगवेगळ्या थरांतील लोकांच्या गटांना दाखवून त्यांची चर्चा त्याने टिपली आणि १९८० साली प्रसिद्ध केली. आपल्याकडे पूर्णिमा मंकेकर यांनी दिल्लीतल्या स्त्रियांसोबत बसून दूरदर्शनच्या मालिकांचा असाच अभ्यास केला; त्यांचे पुस्तक १९९९ साली आले.

आता मालिकेकडे वळू. 'नुक्कड' १९८६-८७ या काळात दूरदर्शनवर दाखवली गेली. दिग्दर्शक कुंदन शहा आणि सईद अख्तर मिर्झा, लेखक प्रबोध जोशी. दोन्ही दिग्दर्शक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून निघालेले. शहांचा 'जाने भी दो यारो' १९८३ साली आला होता. मुंबईसारख्या शहरातला एक नाका आणि त्या नाक्यावर पोट भरणारी माणसे, एवढाच मालिकेचा विषय. गुरू इलेक्ट्रिशियन, हरी सायकल दुरुस्तीवाला, करीम न्हावी, कादरभाई हॉटेलवाला, चौरसिया पानवाला, राधा घरकाम करणारी, घनशू भिकारी, एक टीचरजी, गणपत हवालदार आणि दारूच्या तारेत असलेला खोपडी. हसू आणि दुःख एकाच ताटात वाढलेले. त्या दिवसांत बहुतेक घरांना दूरदर्शनखेरीज दुसरी वाहिनी ठाऊक नव्हती. वस्तीत ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या दारात गर्दी, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. पडद्यावर सायकलचे पंक्चर काढणारा नायकाच्या तोलाचा दिसतो, हे आम्हाला त्या वेळी नवलाचे वाटले होते. ते नवल खोटे नव्हते. त्याआधी 'हम लोग' १९८४ साली सुरू झाली होती, पण तिच्यात कुटुंबाची कथा होती. नाक्यावरच्या माणसाला घर-कुटुंबाशिवाय, त्याच्या धंद्यासकट उभे करणे ही 'नुक्कड'ची कमाई.

तरीही मालिका अधांतरी तयार होत नाही. वाहिनी सरकारची, मालिकेला मान्यता देणारे सरकारी अधिकारी, पैसा जाहिरातदार पुरस्कर्त्यांचा आणि दिग्दर्शक डाव्या विचारांकडे झुकलेले सुशिक्षित. या सर्वांच्या ओढाताणीतून जो अर्थ तयार झाला तो साधारण असा : गरीब माणूस मनाने श्रीमंत असतो, नाक्यावर हिंदू-मुसलमान एका बाकावर बसून चहा पितात, आणि संकट आले की सगळे धावतात. चांगला अर्थ आहे. आम्हालाही आवडतो.

पहिल्या रविवारी दोन भाग पाहून झाले आणि बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "सर, राधाचं आडनाव काय?"

आम्हाला सांगता आले नाही. मग फळ्यावर सगळी नावे लिहिली. गुरू, हरी, राधा, करीम, कादरभाई, गणपत, घनशू. नावावरून धर्म लगेच कळतो. जात कळत नाही. टीचरजी तर पदवीनेच ओळखल्या जातात. अपवाद एक : चौरसिया. उत्तरेकडे पानाचा व्यवसाय करणाऱ्या जातीचे ते आडनाव. म्हणजे पानवाल्याची जात त्याच्या पाटीवरच लिहिलेली आहे आणि इतरांची पुसलेली आहे. धंदे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. इलेक्ट्रिशियन, सायकल दुरुस्ती हे नवे धंदे. त्यांना परंपरेने ठरवून दिलेली जात नाही. म्हणून गुरू आणि हरी हे कोणाचेही होऊ शकतात, नि प्रेक्षकाला ते आपले वाटतात. न्हावी हा जुना धंदा, तो करीमकडे दिला आहे. हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. लिहिणाऱ्याच्या हाताला जे सहज येते तेच अभ्यासकाने पाहायचे असते. हेतू शोधत बसले की वाद होतो आणि अभ्यास राहून जातो.

अमेरिकेतील जॉर्ज गर्बनर आणि त्यांच्यानंतर गे टकमन (१९७८) यांनी दूरचित्रवाणीवरील स्त्रियांविषयी व दुबळ्या समूहांविषयी एक कल्पना मांडली. तिला मराठीत प्रतीकांतून केलेला उच्छेद म्हणता येईल. एखाद्या समूहाला पडद्यावर दाखवायचेच नाही, किंवा दाखवले तर क्षुल्लक करून दाखवायचे, म्हणजे समाजाच्या मनात तो समूह जणू नाहीच. 'नुक्कड'मध्ये गरिबाचा उच्छेद झालेला नाही, उलट तो मध्यभागी आहे. शब्द गेला आहे तो जातीचा. गरिबी बोलते, जात बोलत नाही. एका विद्यार्थ्याने यावर चांगली हरकत घेतली. तो म्हणाला, "नाक्यावर आपण तरी कुठे जात विचारतो? तिथे सगळे सारखेच." त्याचे म्हणणे आम्ही वहीत लिहून घेतले. नाका हे शहरातले असे ठिकाण आहे खरे, जिथे माणूस आडनावाविना काही तास राहू शकतो. पण खोली भाड्याने घ्यायची वेळ आली की घरमालक पहिल्यांदा आडनावच विचारतो. हा अनुभव वर्गातल्या किती जणांना आहे म्हणून हात वर करायला सांगितले. मोजावे लागले नाहीत.

दुसऱ्या रविवारी खोपडीवर चर्चा ठेवली होती. समीर खक्कर या नटाने केलेली ही भूमिका मालिकेत सर्वांत लोकप्रिय झाली. खक्कर २०२३ साली वारले, तेव्हाही लोकांनी त्यांना खोपडी म्हणूनच आठवले. पडता-पडता सावरणारा, तिरपे पण नेमके बोलणारा, कोणाचे वाईट न चिंतणारा दारुडा. वॉल्टर लिपमन याने १९२२ साली 'साचा' हा छापखान्यातला शब्द उचलून माणसांच्या मनातील ठरीव प्रतिमांसाठी वापरला. खोपडी हा असाच एक जुना साचा आहे, प्रेमळ दारुड्याचा. हिंदी सिनेमात तो पूर्वीपासून चालत आलेला.

वर्गात हशा पिकला. एक निवृत्त गिरणी कामगार म्हणाले, "अगदी असाच एक आमच्या नाक्यावर होता हो. आम्ही रोज रात्री धरून त्याला घरी पोचवायचो." पुन्हा हशा. मागच्या सतरंजीवर एक आक्का बसल्या होत्या, नातवाला घेऊन आलेल्या. त्या हसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही पोचवायचा. दार कोण उघडायचं?"

कोणीच काही बोलले नाही. मग त्याच पुढे म्हणाल्या, "हसा बाबांनो, हसायला मी न्हाई म्हणत न्हाई. पण ह्या माणसाचं घर दावलं का कुठं? माझ्या घरात तीस वर्सं हुता हा माणूस. मला ठावं हाय त्याचं घर कसं असतं."

हॉलच्या तीन तऱ्हा आम्ही पुस्तकातून शिकवणार होतो. त्या एका सतरंजीवर बसलेल्या निघाल्या. कामगारबाबा करणाऱ्याने दिलेला अर्थ घेत होते, आक्का तो उलटवत होत्या. आणि गंमत अशी की आक्कांना राधाचे प्रसंग मनापासून आवडले होते. स्वतः चार घरची धुणीभांडी केलेली असल्याने "ही पोर ताठ बोलती" म्हणून त्यांनी कौतुक केले. एकच बाई एका पात्रापाशी मान्य करते, दुसऱ्यापाशी नाकारते. हॉलवर टीका करणाऱ्यांनी हेच सांगितले आहे की प्रेक्षक तीन कप्प्यांत नीट मावत नाहीत. आम्हाला तर ही टीका न वाटता दुरुस्ती वाटते.

विनोद तपासण्याची युक्तीही आक्कांनीच दिली म्हणायची. हसू कोणत्या ठिकाणाहून येते आणि कॅमेरा कोणत्या दाराबाहेर थांबतो, हे पाहायचे. दारुडा नाक्यावर असेपर्यंत विनोदी असतो. त्याच्या मागोमाग कॅमेरा उंबऱ्याच्या आत गेला तर तेच पात्र भीतिदायक होईल. पंचशीलातले पाचवे शील दर पौर्णिमेला म्हणणाऱ्या आमच्यापैकी किती जणांनी खोपडीला पाहून हा विचार केला होता? आम्ही केला नव्हता. १९८६ साली आम्ही पोट धरून हसलो होतो.

गणपत हवालदाराविषयी थोडेच. हिंदी पडद्यावर मराठी माणूस आला की तो हवालदार, मराठी बाई आली की ती कामवाली, ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. अजय वाढावकर यांनी गणपतला माणूसपण दिले, तो केवळ शिट्टी वाजवणारा राहिला नाही. पण साचा तोच आहे. मराठी म्हणून आपल्याला हे लगेच खुपते. ज्याला स्वतःचा साचा खुपतो त्याला दुसऱ्याचा दिसत नाही, असेही पुष्कळदा होते. करीमचा न्हावी होण्याबद्दल वर्गात फक्त एकाच मुलाने प्रश्न केला.

आता एक तुलना. ऑगस्ट २०२३ मध्ये 'मेड इन हेवन' या मालिकेचा दुसरा हंगाम आला. श्रीमंतांची लग्ने लावून देणाऱ्या कंपनीची ती कथा आहे. त्यातल्या नीरज घेवान यांनी दिग्दर्शित केलेल्या भागात राधिका आपटे यांनी पल्लवी मेनके ही दलित, उच्चशिक्षित नायिका उभी केली. तिला आडनाव आहे. आपला बौद्ध विवाहविधीही व्हावा असा ती आग्रह धरते, आणि तो विधी बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर पडद्यावर होतो. आपल्या कित्येक घरांत तो प्रसंग पाहताना लोक रडले, हे आम्ही पाहिले. घेवान स्वतः दलित असल्याचे उघडपणे सांगतात. म्हणजे इथे चित्रण आणि प्रतिनिधित्व हे दोन्ही अर्थ एकत्र आले. तरी वाद झालाच. लेखिका याशिका दत्त यांनी आपल्या आयुष्यातील व लेखनातील गोष्टी श्रेय न देता घेतल्याचा आक्षेप घेतला, निर्मात्यांनी तो नाकारला. वादाचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. विद्यार्थ्यांनी एवढे टिपून ठेवावे की आपला माणूस पडद्यावर आला आणि कॅमेऱ्यामागेही आला, तरी "कोणाच्या वतीने, कोणाला विचारून" हा १९१९ चा प्रश्न मिटत नाही.

वर्गातल्या त्या बारावीच्या मुलीने पुढच्या वेळेसाठी एक वही केली आहे. तिच्यात रकाने आखले आहेत : पात्राचे नाव, आडनाव आहे की नाही, धंदा, त्याचे घर दाखवले का, आणि हसलो तेव्हा कोण हसले नाही. शेवटचा रकाना तिने आक्कांना विचारून घातला. आता घरी चालू असलेली कोणती मालिका निवडायची यावर मुलांत दोन तट पडले आहेत. नाराज झालेल्या ज्येष्ठ सभासदांपैकी दोघांनी आपापली नावे सुचवली आहेत.