पाणी उकळले, पण शिसे गेले का?

पाणी उकळून पिण्याची सवय आपण भारतातून येताना बरोबर आणली. बाळंतपणासाठी आलेल्या आजी तर न उकळलेल्या पाण्यात बाळाचे दूध कालवूच देत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, हे खरेच. परंतु पाण्यात विरघळलेले शिसे किंवा नायट्रेट उकळून जात नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर, म्हणून साधे गणित मांडतो. लिटरमागे १२ मायक्रोग्रॅम शिसे असलेले ४ लिटर पाणी आटून ३ लिटर झाले, तर शिसे तेवढेच राहते आणि प्रमाण १६ वर जाते!

शिसे बहुधा घराजवळच्या जुन्या पाइपांतून, डाखातून व तोट्यांतून उतरते. अमेरिकेत नव्या बांधकामात शिशाचे पाइप व डाख वापरण्यावर १९८६ च्या कायद्याने बंदी आली. त्याआधीच्या घरांत अधिक सावध राहावे. २०१४ साली मिशिगनमधील फ्लिंट येथे पाण्याचा स्रोत बदलला, पण पाइप गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया झाली नाही आणि शिसे घरोघरी पोचले. लहान मुलांच्या मेंदूला ते अपाय करते. त्यांच्यासाठी सुरक्षित असे प्रमाणच नाही.

प्रोग्राममधला दोष आधी शोधावा, मग दुरुस्त करावा. इथेही तोच क्रम ठेवा.

१. गावाचा वार्षिक पाणी-अहवाल १ जुलैपर्यंत मिळतो, तो वाचा. मात्र तो तुमच्या तोटीविषयी सांगत नाही. त्यासाठी रात्रभर साचलेले सकाळचे पहिले पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या.

२. फिल्टर घेताना खोक्यावरचा एनएसएफ क्रमांक पाहा. ४२ म्हणजे क्लोरीन, चव व वास; शिशासाठी ५३ किंवा आर.ओ.चा ५८ हवा, आणि शिशाचा स्पष्ट उल्लेखही हवा. कार्ट्रिज वेळेवर बदला.

३. स्वयंपाकाला गरम नळाचे पाणी घेऊ नका. त्यात शिसे अधिक विरघळते. सकाळी थंड पाणी थोडा वेळ वाहू द्या.

घरची विहीर असेल तर नायट्रेटची तपासणी दरवर्षी करा. सहा महिन्यांखालील बाळाला ते घातक ठरू शकते. साधा कोळशाचा फिल्टर ते काढत नाही, आर.ओ. काढतो.

तेव्हा आजींना उकळू द्या, पण पातेल्यात पाणी आधी गाळलेले घाला.