जमिनीचा भाव आणि जमिनीचे उत्पन्न

शेती करू इच्छिणारा तरुण बँकेत येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा जमीनखरेदीच्या कर्जाचा असतो. त्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न मात्र वेगळा आहे : ही जमीन स्वतःची किंमत फेडू शकेल काय?

दोन खरेदीदार, दोन हिशेब

शेतजमिनीकडे पिकाचे साधन म्हणून पाहता येते, तसेच गुंतवणूक म्हणूनही. धनिक खरेदीदार भाववाढीवर दृष्टी ठेवून जमीन घेतो. पीक आले काय, न आले काय, त्याचे अडत नाही. शिवाय शहरी हद्दीतील शेतजमीन विकून झालेला नफा दोन वर्षांत दुसऱ्या शेतजमिनीत गुंतविल्यास, अटींच्या अधीन राहून, भांडवली नफ्यावरील करात सूट मिळते. परिणामी शहरालगतचा पैसा दूरच्या खेड्यांतील भावही चढवितो.

समजा, एका एकराचा भाव २० लाख रुपये असून खर्च वजा जाता वार्षिक उत्पन्न ६० हजार आहे, म्हणजे गुंतवणुकीवर अवघे ३ टक्के. १५ लाखांचे कर्ज १० टक्के दराने घेतल्यास पहिल्या वर्षाचे व्याजच दीड लाख होते. मुद्दल दूरच राहिले, उत्पन्नातून निम्मे व्याजही फिटत नाही. हा दोष कष्टांचा नसून भावाचा आहे.

कायद्याची बाजू

महाराष्ट्रात शेतकरी वा शेतमजूर नसलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. परंतु ही अट सातबारा पाहते, थैली पाहत नाही. वडिलोपार्जित अर्धा एकर नावावर असलेला धनाढ्य पात्र ठरतो, शेतीचे शिक्षण घेतलेला शहरी तरुण मात्र अडतो. कर्नाटकाने तर २०२० साली बिगरशेतकऱ्यांसाठीही खरेदीची वाट मोकळी केली.

खंडाचा मार्गही सरळ नाही. १९४८ च्या मुंबई कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ रोजी असंख्य कुळे कसत्या जमिनीची मालक ठरली. तो न्याय आवश्यकच होता. पण तेव्हापासून जमीनमालक खंडाचा करार लेखी करण्यास कचरतो. कागद नाही म्हणून कर्जाला आधार नाही. यावर उपाय म्हणून नीती आयोगाने २०१६ मध्ये आदर्श शेतजमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा मांडला, तर आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये मालकी अबाधित ठेवून ११ महिन्यांच्या लेखी कराराची तरतूद केली.

नवोदिताने काय करावे?

१. प्रथम दोन-तीन हंगाम खंडाने किंवा वाट्याने शेती करून प्रत्यक्ष उत्पन्नाची नोंद ठेवावी.

२. किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेत खंडकरी व वाटेकरीही येतात. लेखी करार नसल्यास संयुक्त दायित्व गटाची चौकशी करावी. १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंतचे शेतीकर्ज तारणाविना देण्याची मुभा आहे.

३. खरेदी करावयाचीच झाल्यास क्षेत्र लहान असावे. सातबारा, फेरफार, वाट आणि पाणी तपासावे. वार्षिक हप्ता निव्वळ उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावा. लहान व सीमांत शेतकऱ्यांना जमीनखरेदीसाठी दिलेले कर्ज अग्रक्रम क्षेत्रात मोडते, हे शाखेतील सहकाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी वहिवाट अवघी १.०८ हेक्टर आहे. एवढ्या लहान तुकड्यांच्या शेतीत धनिकाशी भावाची स्पर्धा करणे नवोदितास परवडणारे नाही. त्याने भांडवल प्रथम बियाणे, पाणी व अवजारे यांत घालावे. जमिनीची मालकी त्या उत्पन्नातून, सावकाश यावी.