पावती जपा, दुकान वाचेल



छत गळते म्हणून तक्रार केली, नगरपालिकेत अर्ज दिला किंवा मनमानी भाडेवाढीला नकार दिला, की काही दिवसांतच 'जागा खाली करा' अशी नोटीस दारात येते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. नोटिशीत कारण दुसरेच लिहिलेले असते, पण खरे कारण मालक आणि भाडेकरू दोघांनाही ठाऊक असते. सूडबुद्धीने आलेल्या अशा नोटिशीपुढे आपण काय करावे, ते या लेखात पाहू.

आधी आमचाच अनुभव सांगतो. २००६ च्या पावसाळ्यात आमच्या दुकानाचे पत्रे गळू लागले आणि कापडाचे तीन गठ्ठे भिजले. तोंडी सांगून उपयोग झाला नाही, म्हणून आम्ही आणि शेजारच्या जरीकाम करणाऱ्या कारागिराने मिळून नगरपालिकेत अर्ज दिला. पुढच्या महिन्यापासून मालकाच्या मुनीमाने दोघांचेही भाडे घेणे बंद केले. 'नंतर बघू' एवढेच तो म्हणे. बाजारातील एका बुजुर्ग व्यापाऱ्याने आम्हाला सांगितले, "भाडे घेत नाही ना? मनिऑर्डर करा." आम्ही दरमहा मनिऑर्डर केली. ती 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत येई आणि आम्ही ती कागदपत्रे जपून ठेवीत असू. पुढे थकबाकीची नोटीस आली तेव्हा वकिलाने हेच कागद जोडून उत्तर दिले. प्रकरण तेथेच थांबले.

कारागीर भाऊंनी मात्र भाड्याची रक्कम दरमहा एका डब्यात जमा केली. आलेली नोटीस मराठीत होती आणि त्यांचे शिक्षण आमच्यासारखेच उर्दू शाळेत झालेले. त्यांनी ती कोणाकडून वाचून घेतली नाही. समन्सही तसेच पडून राहिले. अखेर त्यांची जागा गेली. डब्यात भाडे पैन्‌पै जमा होते, पण कोर्टापुढे दाखवायला एकही कागद नव्हता.

अशा सूडाचा एक गाजलेला निकाल अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरातला आहे. एका भाडेकरू महिलेने घराच्या अस्वच्छतेची सरकारी खात्याकडे तक्रार केली. तपासणीत चाळीसहून अधिक दोष निघाले आणि मालकाने तिला घर सोडण्याची नोटीस दिली. १९६८ साली तेथील अपील न्यायालयाने ठरवले, की तक्रार केल्याची शिक्षा म्हणून भाडेकरूला काढता येणार नाही.

आपल्याकडे ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्यात सूडाच्या निष्कासनासाठी वेगळे कलम नाही. त्याचे संरक्षण दुसऱ्या वाटेने मिळते. भाडेकरू कायदेशीर भाडे देत असेल किंवा द्यायला तयार असेल आणि अटी पाळत असेल, तर कायद्यात दिलेल्या कारणाशिवाय त्याला काढता येत नाही. म्हणून चिडलेला मालक कारण शोधतो, आणि बहुधा ते आपल्याच गाफीलपणात त्याला सापडते. नेहमी सापडणारी कारणे ही :

१. थकलेले भाडे. थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवस होईपर्यंत मालकाला त्यासाठी दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सर्व थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरावा व पुढे भाडे नियमित भरत राहावे. मग या कारणावरून जागा जात नाही.

२. पोटभाडेकरू. दुकानाचा कोपरा ओळखीच्या माणसाला परस्पर भाड्याने देणे महागात पडते.

३. लेखी परवानगीशिवाय पक्के बांधकाम. मालक तोंडी 'बांधा' म्हणाला, तरी कागद घेतल्याशिवाय वीट लावू नये.

४. बंद दुकान. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरात नसेल, तर दावा लागू शकतो.

५. मालकाची स्वतःची गरज. ही गरज खरी आहे की बहाणा, हे कोर्ट तपासते. जागा दिल्याने वा न दिल्याने कोणाला अधिक त्रास होईल, हेही पाहते. आपल्या तक्रारीची तारीख आणि त्यानंतर लगेच आलेल्या नोटिशीची तारीख येथे उपयोगी पडते. म्हणून तक्रार नेहमी लेखी करावी आणि पोच घ्यावी.

मालकाने वीज किंवा पाणी तोडणे हा कलम २९ खाली गुन्हा आहे, आणि पुरवठा पुन्हा सुरू करण्याचा हुकूम कोर्ट देऊ शकते. कुलूप लावून बाहेर काढले, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा करता येतो. येथे जागा कोणाच्या मालकीची, हा प्रश्न येत नाही. ताबा होता आणि तो कायद्याच्या मार्गाने न जाता हिसकावला, एवढे दाखवावे लागते. सहा महिने मात्र समजुतीच्या बैठकांत घालवू नयेत.

दुरुस्तीसाठी कलम १४ आहे. मालकाला नोटीस द्यावी. पंधरा दिवसांत त्याने काम केले नाही, तर आपण करून खर्च भाड्यातून वळता करावा. पण वर्षभरात ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक करता येत नाही. महिना १,००० रुपये भाडे असेल, तर वर्षाला ३,००० रुपयांपर्यंतच. जास्त कापले, तर तीच थकबाकी ठरेल.

भाडेवाढ दरसाल ४ टक्के करता येते. जागेतील सुधारणा व करवाढ यांचा हिशोब वेगळा असतो. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही कलम ५५ प्रमाणे मालकाचीच आहे. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, मानले जाते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. सरकारी व नगरपालिकेच्या गाळ्यांना हा कायदा लागू नाही. तसेच 'लिव्ह अँड लायसन्स'वर घेतलेल्या दुकानाला भाडेकरूचे हे संरक्षण मिळत नाही. तेथे मुदत संपली, की मालकाला कारण शोधावे लागत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी कागद कोणत्या प्रकारचा आहे, हे जाणकाराकडून समजून घ्यावे.

मालक भाडे घेत नसेल, तर ते दरमहा बँकेतून त्याच्या खात्यावर पाठवावे. खाते क्रमांक देत नसेल, तर तो स्पीड पोस्टाने लेखी मागावा आणि वकिलामार्फत रक्कम देऊ करावी. नोटीस कोणत्याही भाषेत असो, आली त्याच दिवशी वाचून घ्यावी आणि पाकिटासह जपावी. मुंबईत असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. कोर्ट कोणतेही असो, तेथे आपली बाजू कागदच मांडतो.

आज दुकान वाढवल्यावर घरी जाण्याआधी एक काम करा. गेल्या तीन वर्षांच्या भाडेपावत्या काढून महिन्याप्रमाणे लावा. ज्या महिन्याची पावती सापडणार नाही, तिच्यासाठी उद्याच मालकाकडे लेखी मागणी करा.