ग्रंथालय : उद्योगाचे पहिले भांडवल

नागपूर शहराच्या दक्षिण बाजूस हुडकेश्वर नावाची वस्ती आहे. एके काळी ते एक लहानसे गाव होते. शहर वाढत गेले आणि त्याने या गावास आपल्या कवेत घेतले. वस्ती वाढते, तशी नवी दुकानेही थाटली जातात. कोणी पिठाची गिरणी घालतो, कोणी शिवणयंत्र घेऊन बसतो, तर कोणी चौकात झेरॉक्सचे यंत्र मांडतो. यांतील काही दुकाने जम धरतात. काही मात्र वर्षभरातच बंद पडतात. बंद पडलेल्या दुकानाबरोबर एखाद्या कुटुंबाने पै पै करून साठविलेली पुंजीही नाहीशी होते. म्हणूनच उद्योग आरंभण्यापूर्वी पैशाइतकीच माहितीही जवळ असावी लागते. पैसा व्याजाने मिळतो. माहिती मात्र सार्वजनिक ग्रंथालयात अल्प वर्गणीत, पुष्कळदा विनामूल्यही मिळते.

चौकातील ते झेरॉक्सचे यंत्रच पाहा. त्याचा जन्म ग्रंथालयातील वाचनातून झाला, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

चेस्टर कार्लसन हा अमेरिकेतील एका गरीब घरचा मुलगा. त्याचा जन्म १९०६ साली झाला. वडील आजारी असल्यामुळे लहानपणापासूनच त्याला काम करून घर चालवावे लागले. शिक्षण पूर्ण करून तो न्यूयॉर्क येथील एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीस लागला. तेथे कागदपत्रांच्या अनेक प्रती लागत. त्या पुन्हा टंकलिखित कराव्यात, तर वेळ जाई. छायाचित्रे काढावीत, तर खर्च फार येई. त्याच सुमारास तो कायद्याचाही अभ्यास करीत होता. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून तो सार्वजनिक ग्रंथालयात बसून त्यांतील उतारे हाताने लिहून घेई. लिहिता लिहिता हात दुखून येत. प्रती काढण्याचा सोपा उपाय हवा, ही गरज त्याला अशी दुहेरी जाणवली.

उपाय शोधण्यासाठीही तो न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातच गेला. अनेक महिने त्याने तेथील शास्त्रीय ग्रंथ व नियतकालिके चाळली. काही पदार्थांवर प्रकाश पडला म्हणजे त्यांतून वीज अधिक सहजपणे वाहू लागते, या गुणाकडे त्याचे लक्ष वेधले. हंगेरीतील शास्त्रज्ञ पॉल सेलेनी यांचे लेखही त्याच्या वाचनात आले. मग भाड्याच्या एका खोलीत त्याने प्रयोग आरंभिले. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावरून त्याने कागदावर पहिली प्रत उमटविली.

तरीही यश दूरच होते. पुढील काही वर्षांत वीसहून अधिक कंपन्यांनी त्याची कल्पना नाकारली. १९४५ साली रॉचेस्टर येथील हॅलॉइड या लहान कंपनीचा संशोधनप्रमुख जॉन डेसॉवर नियतकालिके चाळीत असता कार्लसनच्या शोधाचा सारांश त्याच्या नजरेस पडला. ही कंपनी छायाचित्रणाचा कागद तयार करीत असे आणि नव्या व्यवसायाच्या शोधात होती. तिने ती कल्पना उचलून धरली. १९५९ साली तिचे कार्यालयोपयोगी यंत्र बाजारात आले आणि १९६१ साली कंपनीने झेरॉक्स हे नाव घेतले. एकाच्या वाचनातून शोध लागला. दुसऱ्याच्या वाचनातून लहान कंपनी मोठी झाली.

असे ग्रंथालय आपल्यालाही दूर नाही. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानुसार गावोगावच्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांस शासनाचे अनुदान मिळते. नागपुरातही शासकीय विभागीय ग्रंथालय आहे.

आता अशी कल्पना करू, की हुडकेश्वर येथील एका गृहिणीस संत्र्याचा मुरंबा करून विकावयाचा आहे. तिने प्रथम ग्रंथपालास आपला हेतू सांगावा. अनेक ग्रंथालयांत मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीने पुस्तके लावलेली असतात. तेथे ६३४ या क्रमांकाखाली फळबागा, ६४१ खाली खाद्यपदार्थ, ६५७ खाली हिशेबलेखन आणि ६५८ खाली व्यवस्थापन हे विषय सापडतात. क्रमांक कळला, की शेकडो पुस्तकांच्या गर्दीत वाट चुकत नाही.

पुस्तकांतून तिला कृती कळेल आणि तिच्यामागील कारणही कळेल. भरपूर साखर पदार्थातील पाणी धरून ठेवते; त्यामुळे बुरशीस वाढण्यापुरते पाणी मिळत नाही. हे ज्याला ठाऊक आहे, तो काटकसरीसाठी साखर निम्मी करून माल नासवून घेणार नाही. अन्नपदार्थ विकणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे आणि वेष्टनावर घटक, वजन व तयार केल्याची तारीख लिहिली पाहिजे, हा कायदाही तिला तेथेच वाचावयास मिळेल.

हिशेबाचे पुस्तक तर तिचे डोळेच उघडील. एका बाटलीस ७० रुपये खर्च येतो आणि ती १०० रुपयांस विकली जाते, असे धरू. शंभर बाटल्यांवर ३,००० रुपये नफा दिसतो. परंतु दुकानदार प्रत्येक बाटलीमागे १५ रुपये घेतो. म्हणजे हाती येतात ८,५०० रुपये आणि उरतात १,५००. त्यांतून दहा बाटल्या खराब झाल्या, तर हाती ७,६५० रुपयेच येतात आणि उरतात अवघे ६५०. घरच्यांच्या श्रमाची मजुरी अजून मोजलेलीच नाही! हे गणित कागदावर कळले, तर पुंजी वाचते. दुकान मांडल्यावर कळले, तर ती बुडते.

उद्योग वाढू लागला आणि साल काढण्याची एखादी नवी युक्ती सुचली, तर पेटंटांचे वाचन उपयोगी पडते. पेटंट घेणाऱ्यास आपल्या शोधाचे पूर्ण वर्णन प्रसिद्ध करावे लागते. भारतात पेटंटाची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षे असते. त्यानंतर ती युक्ती सर्वांस खुली होते. अशी माहिती लोकांस मिळावी, म्हणून केंद्र सरकारने १९७५ साली नागपुरातच पेटंट माहिती यंत्रणा स्थापन केली होती. आता ही वर्णने संगणकावरही विनामूल्य वाचता येतात.

मात्र ग्रंथांवर आंधळा विश्वास ठेवूनही चालत नाही. जुन्या पुस्तकातील भाव व कायदे बदललेले असतात. म्हणून प्रकाशनाचे वर्ष प्रथम पाहावे. हुडकेश्वरच्या गिऱ्हाइकास गोड मुरंबा आवडेल की आंबटसर, हे कोणत्याही कपाटात लिहिलेले नसते. ते दहा घरी जाऊन, दहा माणसांस चव देऊनच समजते. कार्लसननेही पुस्तके वाचून प्रयोग टाळले नाहीत. वाचनामुळे त्याला कोणता प्रयोग करावा, हे कळले.

भांडवल वापरले, की घटते. ग्रंथालयातील भांडवलाचे तसे नाही. एकाने नेलेले पुस्तक परत येते आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडते. ज्ञान मात्र दोघांपाशीही राहते. ज्याच्या घरी धन नाही, त्यालाही हे दार उघडे आहे. त्या दारातून आत जाण्याची इच्छा मात्र ज्याची त्यानेच धरावी लागते.

स्वाध्याय

१. कार्लसनला प्रती काढण्याच्या सोप्या उपायाची गरज का वाटली?
२. शंभर बाटल्यांपैकी वीस खराब झाल्यास नफा होईल की तोटा? किती?
३. ‘ग्रंथालयातील भांडवल वापरले तरी घटत नाही’ हे विधान स्पष्ट करा.
४. जवळच्या ग्रंथालयात जाऊन तुमच्या परिसरातील एका व्यवसायासंबंधीचे पुस्तक शोधा. त्याचे प्रकाशन वर्ष पाहा व त्यातील कोणती माहिती आज तपासून घ्यावी लागेल, ते लिहा.