कपाटात जपलेली लेन्स घेऊ नकोस

अगं, गिधवा-परसद्याच्या तलावांवर हिवाळी पाहुणे उतरले की तुझा पाय घरात ठरत नाही, ते मला ठाऊक आहे. कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ लेन्समध्ये पट्टकदंब हंस म्हणजे नुसता ठिपका दिसतो. तेव्हा ७०-३०० झूम घ्यायची, तीही जुनी, हे मला अगदी पटलंय. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघांनीही फुल फ्रेम मिररलेस आणले. तेव्हापासून आपल्या रायपूरचे लग्नाची कामं करणारे फोटोग्राफरही हळूहळू जुनं सामान काढायला लागलेत. चांगली वस्तू मिळेल तुला.

फक्त एक ऐक. "घर का सामान है मॅडम, अलमारी से निकला ही नहीं, एकदम मख्खन," असं कुणी म्हणालं की तिथेच सावध हो. लेन्स वापरून जितकी बिघडते, त्याहून जास्त ती पडून राहून बिघडते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी दमट असते! चामड्याच्या केसमध्ये बंद राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी धरते आणि वरचं कोटिंग खाते. साफ केली तरी व्रण राहून जातो. हंगामभर मांडवात फिरलेली लेन्स बाहेरून खरचटलेली असेल, रबर सैल झालं असेल, पण आतून बहुतेकदा स्वच्छ निघते. मी तर तीच घेईन.

आधी नाव नीट वाच. निकॉनच्या बऱ्याच ७०-३०० आहेत आणि लांबून सगळ्या सारख्याच वाटतात. तुझ्या डी ३५०० कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही, त्यामुळे नुसतं 'एएफ' लिहिलेली स्वस्त लेन्स लावलीस तर फोकस हाताने करावा लागेल. उडत्या पक्ष्यावर ते जमायचं नाही. तुला २००६ साली आलेली 'एएफ-एस व्हीआर' हवी.

मग टॉर्च काढ. या लेन्स कॅमेऱ्यावरून काढल्या की अ‍ॅपर्चरची पाती मिटतात. मागच्या बाजूला आत एक बारीक लिव्हर दिसेल, तो बोटाने सरकवून धर म्हणजे पाती उघडतील. मागून टॉर्च तिरका मार आणि ७० पासून ३०० पर्यंत झूम फिरवत समोरून बघ. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर ती बुरशी. दुधाळ पापुद्रा दिसला तर तीही नको. धुळीचे चार कण मात्र मनावर घेऊ नकोस, फोटोत ते दिसतही नाहीत. आता लिव्हर सोड. पाती चटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली किंवा तेलकट चमकली तर आतलं ग्रीस ओघळलंय. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या लेन्सची हीच गत होते.

कॅमेरा बरोबर ने, दिवसाउजेडी जा. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून समोरून सरळ फोटो काढ, ३०० वर, एफ ५.६ ला आणि एफ ८ ला. स्क्रीनवर मोठं करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाच. कडा थोड्या मऊ असणारच, पण एकच कोपरा पुसट आला तर आतली एखादी काच सरकलीय, म्हणजे लेन्स बहुधा कधीतरी पडलीय. व्हीआर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, चालू करून शटर अर्धं दाब. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र क्षणात स्थिरावलं पाहिजे. व्हीआरची दुरुस्ती महाग पडते, म्हणून विक्रेत्याला कितीही घाई असली तरी तू करू नकोस. आणि वस्तू हातात येईपर्यंत यूपीआयवर एक रुपयाही ॲडव्हान्स नाही, कितीही गोड बोलला तरी.

घरी आणल्यावर ती चामड्याची केस बाजूला टाक. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेव, आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा बाहेर काढून दोन-चार फोटो काढ.

बुरशी दिसली तर निम्म्या भावातही नको, नमस्कार करून ऊठ. बाहेरून ओरखडे, आतून लख्ख आणि चारही कोपरे सारखे, अशी मिळाली तर फार घासाघीस न करता घेऊन टाक.