फुप्फुसातील झडपा: सीओपीडीच्या रुग्णाने निर्णय कशावर घ्यावा?

फुप्फुसात झडपा बसवण्याचा उपाय सरसकट सीओपीडीवर नाही, तो एम्फिसीमावर आहे. एम्फिसीमात वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. कोंडलेल्या हवेने फुगलेला भाग शेजारच्या बऱ्या भागाची जागा बळकावतो, श्वासपटलाला खाली दाबतो, आणि अंघोळ करतानाही धाप लागते. सर्वांत खराब झालेल्या खंडाच्या श्वासनलिकांमध्ये ब्राँकोस्कोपमधून सहसा तीन ते पाच एकमार्गी झडपा बसवतात. त्यांतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. खंड आक्रसतो आणि उरलेल्या फुप्फुसाला हालचालीला जागा मिळते. छाती उघडावी लागत नाही. गरज पडल्यास झडपा काढताही येतात.

सगळे अवलंबून असते ते दोन खंडांमधल्या भेगेवर. ही भेग अपुरी असेल तर शेजारच्या खंडातून हवा मागच्या दाराने आत येत राहते आणि झडपा निरुपयोगी ठरतात. म्हणून आधी उच्च दर्जाचा सीटी स्कॅन होतो, आणि पुष्कळदा ब्राँकोस्कोपीच्या वेळी फुग्याच्या नळीने हवेची गळतीही तपासतात. या तपासण्यांशिवाय कोणी झडपा सुचवत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावेच. चुलीच्या धुराने झालेल्या सीओपीडीत श्वासनलिकांचा आजार अधिक आणि एम्फिसीमा कमी आढळतो. त्यामुळे आयुष्य चुलीपुढे गेलेल्या अनेक स्त्रियांना हा उपाय लागूच पडत नाही.

अमेरिकेत 2018 साली मान्यता मिळालेल्या झडपेची चाचणी अशाच निवडक रुग्णांवर झाली होती. वर्षअखेर फुंकरीची क्षमता किमान 15 टक्क्यांनी वाढलेले रुग्ण झडपांच्या गटात सुमारे 48 टक्के होते. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत सुमारे 17 टक्के. पण झडपा बसवलेल्या 128 जणांपैकी 34 जणांना पहिल्या 45 दिवसांत न्यूमोथोरॅक्स झाला, म्हणजे फुप्फुसातून हवा निसटून छातीत साठली. त्याच काळात या गटातील चौघे दगावले. दुसऱ्या गटात एकही नाही. धोक्याचे हे आकडे फायद्याच्या आकड्यांइतक्याच स्पष्टपणे रुग्णाच्या घरच्यांना सांगितले गेले पाहिजेत.

न्यूमोथोरॅक्स बहुधा पहिल्या काही दिवसांतच होतो. त्यामुळे किमान तीन रात्री रुग्णालयात राहावे लागते. घरी आल्यावर छातीत अचानक कळ आली किंवा दम एकाएकी वाढला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. छातीत तातडीने नळी घालण्याची सोय जवळपास नसलेल्या गावच्या रुग्णाने सुरुवातीचे दिवस शहरातच काढलेले बरे.

या वाटेला लागण्यापूर्वी विडी-सिगारेट काही महिने पूर्ण सुटलेली हवी, इन्हेलर योग्य पद्धतीने सुरू हवेत आणि पल्मनरी रिहॅबिलिटेशनचा व्यायाम झालेला हवा. या व्यायामाने चालण्याची ताकद बऱ्याच जणांना इतकी परत मिळते की झडपांची निकड उरत नाही. एवढे करूनही धाप रोजचे जगणे अडवत असेल आणि सीटी स्कॅन अनुकूल असेल, तरच झडपांचा विचार रास्त आहे. भेग अपुरी निघाल्यास फुप्फुसाचा खराब भाग शस्त्रक्रियेने काढण्याचा पर्याय मोजक्या रुग्णांसाठी उरतो.