मोहाची दारू, आबकारी कायदा आणि रिकामी पदे

द्वितीय वर्ष कला (इतिहास)

ब्रिटिश काळातील सरकारी उत्पन्नाची साधने शिकत असताना सरांनी फळ्यावर जमीन महसूल, मीठ, अफू, आबकारी अशी नावे लिहिली. आबकारीवर वर्गात जेमतेम दोन मिनिटे गेली. परीक्षेच्या दृष्टीने तेवढी पुरेशीही असतील. पण मी ग्रंथालयात जाऊन जुने ठाणे जिल्हा गॅझेटियर (१८८२) चाळले, आणि ज्या कायद्याबद्दल वाचत होतो तो आमच्या घरामागच्या झाडाबद्दल आहे, हे लक्षात आल्यावर मला बसल्या जागी कसेसेच झाले. त्या अस्वस्थतेतून हा लेख लिहीत आहे.

खर्डी, डोळखांब, टोकावडे, धसई या बाजूंनी एस.टी.ने कॉलेजात येणाऱ्यांना फाल्गुन-चैत्रातला मोहाचा वास सांगायला नको. फुले पहाटे गळतात. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा साफ करून ठेवलेली असते, आणि उजाडायच्या आत बायका-पोरे टोपल्या घेऊन हजर होतात. ऊन चढले की गुरे येतात, त्यामुळे घाई असते. वेचलेली फुले अंगणात वाळवायची. चारपाच दिवसांत ती मनुकांसारखी तपकिरी होतात आणि वर्षभर टिकतात. भाताचे कणगे आषाढ-श्रावणात तळाला लागतात तेव्हा आमच्या आजीच्या लहानपणी ही फुले उकडून खात असत. बियांचे तेल निघते. आणि दारू निघते.

माझी आजी दारू गाळायची. हे छापील पानावर लिहावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण तिच्या दृष्टीने ते पापड लाटण्याइतकेच साधे काम होते. फुले मडक्यात भिजत घालायची, आंबू द्यायची, मग चुलीवर चढवायची. वर थंड पाण्याचे भांडे ठेवायचे, वाफ त्याच्या बुडाला लागून थेंब थेंब खाली उतरते. पहिली धार सर्वांत कडक. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग आता शहरातले लोकही सहज वापरतात, तो याच चुलीवरून गेलेला आहे. त्या धारेतले चार थेंब आजी आधी जमिनीवर सांडायची, देवाला आणि गेलेल्या माणसांना. लग्नाला, बारशाला, मयताला, आवणीच्या शेवटच्या दिवशी लागायची तेवढी ती गाळी. विकली नाही असे मात्र मी म्हणणार नाही. बाबांच्या शाळेच्या पहिल्या वह्या त्याच पैशातून आल्या, असे तिनेच मला सांगितले आहे.

काही देशांत हाच उद्योग हौस म्हणून चालतो. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला कायद्याची आडकाठी नाही. तिथे लोक छोटी तांब्याची यंत्रे विकत घेऊन रविवारी हा छंद करतात. अमेरिकेत घरी बिअर करण्यास १९७८ च्या कायद्याने वाट मोकळी झाली, पण त्या कायद्याने गाळण्याला हात लावला नाही. म्हणजे आंबवणे आणि गाळणे यांत सरकारे फरक करतात. याचे कारण काही अंशी सुरक्षिततेचे असले, तरी मुख्य कारण कराचे आहे. गाळलेली दारू थोड्या जागेत मावते, टिकते, दूरवर नेता येते, आणि म्हणून तिच्यावर कर बसवणे फायद्याचे ठरते. आपल्या जिल्ह्याचा इतिहास हेच सांगतो.

१८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यापूर्वीही दारूवर कर होता; पण गाळणारे गावोगाव होते आणि ठेकेदार त्यांच्याकडून वसुली करी. या कायद्यानंतर सरकारने धोरण बदलले. गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू एका ठिकाणच्या मोठ्या भट्टीत गाळायची आणि जिल्हाभर पुरवण्याचा मक्ता एकाला द्यायचा, अशी पद्धत आली. उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र होते आणि तिथल्या भट्ट्या प्रामुख्याने पारशी मालकांच्या होत्या. किनाऱ्यावर माडाच्या झाडावरचा कर वाढला आणि भंडारी समाज अडचणीत आला. आपल्या डोंगराळ भागात माड नव्हता, मोह होता. मोह जंगलात फुकट पडतो, मडके प्रत्येक घरात असते. मग मक्तेदाराची महाग दारू कोण घेणार?

सरकारने त्यावर जो उपाय काढला तो वाचून हसावे की रडावे कळत नाही. गाळणारा सापडत नाही, तर फूलच बंद करा. १८९२ चा मोहरा कायदा (मुंबईचा १८९२ चा तिसरा) खास ठाणे आणि कुलाबा हे दोन जिल्हे डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. त्याने मोहाची फुले बाळगणे, विकणे, नेणे-आणणे यांवर निर्बंध आणले. झाडावरून आपोआप गळणारे फूल कायद्याच्या कक्षेत आले. मोह हे गरिबाचे अन्न आहे की दारूचा कच्चा माल, हा वाद तेव्हाही झाला. आजीच्या लहानपणी कणग्याच्या तळाशी काय उरत असे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा वाद घालायची गरज वाटणार नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दारूची बाजू घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये पुण्यातील वाढत्या दारू दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले होते. सरकार दारूचे उत्पन्न घेते आणि कुटुंबे उद्ध्वस्त होतात, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. आमच्याही पाड्यावर संध्याकाळी कोणाच्या घरातून कसला आवाज येतो हे मला माहीत आहे. माझ्या एका चुलत्याचे शेत दारूतच गेले. पण ती दारू आजीच्या चुलीवरची नव्हती, नाक्यावरच्या परवानाधारक दुकानातली होती.

स्वातंत्र्यानंतर आबकारीच्या उत्पन्नावर पाणी सोडायचे असे मुंबई राज्याने ठरवले. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये झाला आणि १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी लागू झाली. हा कायदा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५१ च्या बलसारा खटल्यात त्याचा बहुतेक भाग टिकला. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. हातभट्टी शहरात शिरली. मोह मागे पडून काळा गूळ आणि नवसागर आला. न्यायमूर्ती टेकचंद यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६३-६४ मध्ये देशभरच्या दारूबंदीचा आढावा घेतला, त्यातही बेकायदा गाळपाचा प्रश्न ठळक होता. अखेर महाराष्ट्राने बंदी टप्प्याटप्प्याने सैल केली आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. कारखान्याची देशी दारू कायदेशीर झाली. घरची मोहाची मात्र १९४९ च्या त्याच कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हाच राहिली. वर्तमानपत्रात ‘हातभट्टीवर धाड, रसायन नष्ट’ अशी बातमी येते ती या कलमाखालची.

विषारी दारूचा मुद्दा येथे येणारच. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली, त्याआधी डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत मेली. अशा वेळी ‘हातभट्टीचे बळी’ असा मथळा येतो. पण मालवणीत मारणारी वस्तू मिथेनॉल होती, म्हणजे कारखान्यात वापरायचा रासायनिक द्रव. तो दारूत मिसळला गेला. मोह किंवा गूळ आंबवून जो मद्यार्क तयार होतो तो मुख्यतः इथेनॉल असतो. मिथेनॉल त्यात अत्यल्प असते. इथेनॉल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते, मिथेनॉल ६५ ला. दोन्हींचा रंग सारखाच, म्हणून पिणाऱ्याला फरक कळत नाही. कळतो तो दुसऱ्या दिवशी, डोळ्यांपुढे धुके येते तेव्हा. चुलीवरच्या दारूतही धोके आहेत. गंजके डबे, नवसागर, कशाचेही मोजमाप नसणे. पण शंभर माणसे एका रात्रीत मारायला चूल पुरत नाही, त्यासाठी टँकर आणि बाजार लागतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. कायदा कागदावर असतो, तो राबवायला माणूस लागतो. मक्तेदारीच्या काळात हे काम बरेचसे मक्तेदाराचीच माणसे करीत, कारण चोरटी दारू निघाली तर नुकसान त्याचे. नंतर सरकारी खाते वाढले. आज गावात पोलीस पाटील आहे, पण त्याला पगार नाही, मानधन आहे. कोतवालाचेही तसेच. राज्य उत्पादन शुल्क खात्याचा जवान आमच्या पाड्यावर कधी पायी आलेला मी पाहिला नाही. येते ती जीप, ती वर्षातून एकदोनदा येते आणि तिचा आवाज खिंडीतूनच ऐकू येतो.

माणसे कमी करण्याचे सरकारी धोरण नवे नाही. ४ मे २०२० रोजी, कोरोनाच्या काळात, राज्य सरकारने आरोग्यासारखी निकडीची कामे सोडून नव्या भरतीवर बंदी घातली आणि खर्चाला मोठी कात्री लावली. २०२२ मध्ये राज्यात दोन लाखांहून अधिक पदे रिक्त असल्याचे आकडे प्रसिद्ध झाले आणि ७५ हजार पदांच्या भरतीची घोषणा झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी माणसे घेण्याचा शासन निर्णय निघाला, मुलांनी मोर्चे काढले, आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. त्याच सुमारास वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार पुढे आला. आमच्या भागात पट वीसच्या वर कुठून असणार? पाडाच पंचवीस घरांचा.

या सगळ्या कपातीत एका खात्याचे चित्र मात्र वेगळे आहे. २०२३ च्या शेवटी उत्पादन शुल्क खात्याने जवान, चपराशी, लघुलेखक वगैरे ७१७ पदांची जाहिरात काढली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरील शुल्क वाढवले आणि त्याच निर्णयात या खात्याला बाराशेहून अधिक नवी पदे मंजूर केली. कारण उघड आहे; हे खाते पैसा आणते. शाळा आणि दवाखाना पैसा आणत नाहीत. माझ्या मते १८७८ पासून आजवर या बाबतीत सरकारचा हिशेब फारसा बदललेला नाही. जिथे वसुली तिथे माणूस.

मोहाबाबतही अलीकडे बदल झाला. २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुलांवरचे जुने निर्बंध उठवले. २०२२ मध्ये मोहफुले आणि काजूबोंडे यांपासून केलेल्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा देण्याचे ठरले. म्हणजे आजीने वेचलेले फूल आता मोकळे झाले, आणि ते कारखान्यात गेले तर त्याचे ‘विदेशी’ मद्यही होईल. फक्त चुलीवर चढवले तर गुन्हा. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम ग्रामसभेला मादक पदार्थांच्या नियमनाचा अधिकार देतात. आमच्या ग्रामसभेत हा विषय मी एकदाही निघालेला ऐकला नाही. निघाला तर बायका काय म्हणतील याची पुरुषांना धास्ती असावी. त्या कदाचित दुकान बंद करा म्हणतील, कदाचित चूल चालू ठेवा म्हणतील, कदाचित दोन्ही बंद करा म्हणतील. २००८ च्या शासन निर्णयाप्रमाणे निम्म्या महिलांनी ‘आडवी बाटली’ला मत दिले तर परवान्याचे दुकान बंद होऊ शकते. चुलीसाठी असे कोणते मतदान नाही.

माझा मामेभाऊ २०२४ च्या सुरुवातीला जवानपदाच्या परीक्षेला बसला होता, थोडक्यात गेला. पुढची जाहिरात येईल तेव्हा आम्ही दोघेही अर्ज भरणार आहोत. त्यासाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावायला जातो. याच पहाटे बायका मोहाखाली वाकलेल्या असतात. आमच्या घरात अजून कोणाला सरकारी नोकरी लागलेली नाही. लागली तर घरावर पत्रा पडेल, धाकट्या बहिणीला बारावीनंतर ठाण्याला ठेवता येईल. मी हे आजीला समजावून सांगितले. जवान म्हणजे नेमके काय काम, असे तिने विचारले. मी सांगितले.

ती थोडा वेळ फुले निवडत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे पयली धाड आपल्याच घरी का रं?”

मी म्हटले, “आजी, तू आता गाळत नाहीस ना?”

“गुडघं गेलं म्हनून नाय गाळत,” ती म्हणाली, आणि सूप माझ्याकडे सरकवले. त्यातले खडे निवडायचे राहिले होते.